तालुक्याला तज्ज्ञ डॉक्टर मिळावा कसा?

वाचकहो, या सदरात आपण बहुधा रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातील ताप अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय औषधाचा नाही, डॉक्टरचा आहे. "सरकार एवढी वैद्यकीय महाविद्यालये काढते, मग आमच्या गावाकडच्या दवाखान्यात मोठा डॉक्टर का नसतो?" हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आज ते सविस्तर देत आहे.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न परक्याचा वाटण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक वस्ती असलेले हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनीच वाढले आहे. काशिमिऱ्याच्या बांधकामांवर जव्हार, मोखाडा, विक्रमगडची माणसे काम करतात. भाईंदरच्या चाळींत कोकणातली, घाटावरची, खानदेशातली कुटुंबे आहेत. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून मोडलेली नाही. सातव्या महिन्यापर्यंत इथे नीट तपासणी झालेली सून आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि नेमक्या अडचणीच्या वेळी ती इथल्या नव्हे, तिथल्या दवाखान्याच्या भरवशावर असते. तेव्हा गावाकडच्या रुग्णालयात तज्ज्ञ आहे की नाही, हा आपल्याही घरचा प्रश्न आहे.

एका बाळंतिणीला किती डॉक्टर लागतात?

बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात. परंतु काहींमध्ये अचानक गुंतागुंत होते आणि ती कोणात होईल हे आधी नेहमीच सांगता येत नाही. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण दोन तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात हा अवधी बारा तासांच्या आसपास असतो. गर्भाशय फाटले तर एक दिवस, मूल आडून राहिले तर दोन-तीन दिवस. हे आकडे सरासरीचे आहेत, पण त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. रक्तस्राव झालेल्या बाईला शंभर किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पोहोचवण्याइतका वेळ आपल्या हातात नसतो.

आता समजा, सिझेरियन करायचे आहे. त्यासाठी प्रसूतितज्ज्ञ हवा. पण तो एकटा काही करू शकत नाही. भूल द्यायला भूलतज्ज्ञ हवा. जन्मलेले मूल रडले नाही तर त्याला सांभाळायला बालरोगतज्ज्ञ हवा. रक्ताची पिशवी जवळ हवी, परिचारिका हव्यात आणि वीज गेली तर जनरेटर हवा. ही सर्व सोय जिथे चोवीस तास असते, त्या रुग्णालयाला सरकारी भाषेत प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात. यातला एक दुवा नसला तरी बाकीचे दुवे निरुपयोगी ठरतात. भूलतज्ज्ञ रजेवर असेल तर निष्णात प्रसूतितज्ज्ञालाही "पुढे न्या" असेच लिहून द्यावे लागते.

जून २०२५ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी बाईच्या बाबतीत असेच घडले. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, तिथून नाशिक, असा तिचा प्रवास झाला. बाळ हाती लागले नाही. त्याआधी १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याचे लक्ष वेधले होते. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याचे मुख्यालय जवळ आले, रस्ते सुधारले. मात्र डोंगरातल्या तालुक्यांत "पुढे न्या" ही चिठ्ठी अजून संपलेली नाही.

रिकाम्या खुर्च्या

आपल्या आरोग्य व्यवस्थेची रचना कागदावर उत्तम आहे. सपाट प्रदेशात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र. त्यावर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्याही वर १,२०,००० किंवा ८०,००० वस्तीला तीस खाटांचे रुग्णालय, ज्याला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो. इथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असा नियम आहे.

प्रत्यक्ष काय आहे? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातील अशा ग्रामीण केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची तूट ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के, फिजिशियनची ७९.१ टक्के आणि प्रसूतितज्ज्ञांची ७४.२ टक्के होती. म्हणजे पाच खुर्च्या मांडल्या तर चार रिकाम्या. इमारत उभी आहे, शस्त्रक्रियागृह आहे, टेबल आहे, वर दिवाही आहे. त्या दिव्याखाली उभा राहणारा माणूस नाही.

तज्ज्ञ घडतो कसा आणि पैसे कोण देतो?

एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचे, त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता. पुढे एम.डी. किंवा एम.एस. तीन वर्षांचे. बारावीनंतर एकही वर्ष वाया गेले नाही असे धरले तरी साडेआठ वर्षे होतात. प्रवेश परीक्षेच्या तयारीत एक-दोन वर्षे जातात, बंधपत्राची सेवा असते. त्यामुळे तज्ज्ञ म्हणून पाटी लागेपर्यंत तिशी येते.

या शिक्षणाचा मोठा वाटा सरकारी महाविद्यालयांत जनतेच्या पैशाने उचलला जातो. एका जागेसाठी किती खर्च येतो याची कल्पना एका निर्णयावरून येईल. २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी संस्थांमध्ये ५,००० पदव्युत्तर आणि ५,०२३ एम.बी.बी.एस. जागा वाढवण्यास मान्यता दिली. त्यासाठी प्रत्येक जागेमागे दीड कोटी रुपयांची कमाल मर्यादा ठरवली. १०,०२३ जागा गुणिले दीड कोटी म्हणजे १५,०३४ कोटी ५० लाख रुपये. त्यातील १०,३०३ कोटी २० लाख केंद्राचे आणि उरलेले राज्यांचे. हा खर्च २०२८-२९ पर्यंत करायचा आहे.

जागा वाढल्या हे खरेच आहे. २०१४ पूर्वी देशात पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या. २०२४ मध्ये त्या ७३,००० च्या पुढे गेल्या. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये एकदम दहा सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत आपल्या जिल्ह्यातले अंबरनाथ आहे आणि गडचिरोलीही आहे.

मग दुपटीहून अधिक जागा होऊनही ग्रामीण रुग्णालय रिकामे का? कारण पैसा जागेवर खर्च होतो. त्या जागेवर शिकलेला डॉक्टर पुढे कुठे बसणार, याच्याशी त्या पैशाचा संबंध फार सैल आहे. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात तीन वर्षे शिकलेल्या मुलाला तिथलीच यंत्रे, तिथलेच सहकारी, तिथलेच रुग्ण यांची सवय होते. त्याचे लग्न त्याच सुमारास होते आणि जोडीदारही बहुधा नोकरी करणारा असतो. अशा माणसाला मोखाड्याला जा म्हटले तर तो वाईट आहे म्हणून नाही म्हणत नाही. तिथे आपण शिकलो त्यातले काय करू शकू, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

आजवर काय करून पाहिले?

पहिला उपाय बंधपत्राचा. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष आणि पदव्युत्तर झालेल्याने पुन्हा एक वर्ष सरकारी सेवा करावी, नाहीतर अनुक्रमे १० लाख आणि ५० लाख रुपये भरावेत, असा नियम झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांची अशी बंधपत्रे वैध ठरवली. बंधपत्रामुळे काही खुर्च्या भरतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका वर्षात होते काय? पहिले तीन-चार महिने गाव आणि माणसे समजण्यात जातात, शेवटचे तीन-चार पुढच्या परीक्षेच्या अभ्यासात. मधल्या काळात रुग्णांचा विश्वास बसू लागतो, तोच डॉक्टर बदलतो.

दुसरा उपाय पदविकेचा. मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ पासून आहे. त्याच्या पदविका अभ्यासक्रमांचा उपयोग करून जिल्हा रुग्णालयातच प्रसूतिशास्त्र, बालरोग असे विषय शिकवता येत. त्या पदविकांची मान्यता मात्र हेलकावे खात राहिली. केंद्राने २०१७ मध्ये अनेक पदविकांना मान्यता दिली आणि २०१८ मध्ये तीन वगळता बाकीच्यांची काढून घेतली. वैद्यकीय महाविद्यालयांमध्येही दोन वर्षांची पदविका असे. तिच्या निम्म्या जागा दुर्गम भागात किमान तीन वर्षे काम केलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी राखीव होत्या. पुढे त्यांतील बहुतेक जागा पदवीच्या जागांमध्ये बदलल्या. पदवीची प्रतिष्ठा मोठी खरी, पण तालुक्याला जाणारी एक वाट त्यामुळे अरुंद झाली. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने प्रसूतिशास्त्र, भूलशास्त्र, बालरोग, कुटुंबवैद्यक यांसह आठ विषयांत रुग्णालयांमधून दोन वर्षांची पदविका सुरू केली. ती वाट पुन्हा रुंद करण्याचाच हा प्रयत्न आहे.

तिसरा उपाय अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्यात एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १६ आठवड्यांत तातडीच्या प्रसूतिसेवेचे आणि १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचे शिक्षण देण्याची योजना झाली. कल्पना चांगली होती. अडचण पुढे आली. भूल शिकलेला डॉक्टर शस्त्रक्रियागृहच नसलेल्या केंद्रात नेमला गेला, किंवा पाठीशी वरिष्ठ नसल्याने हात घालायला धजावला नाही, तर ते शिक्षण गंजून जाते.

चौथा उपाय मला सर्वांत आशादायक वाटतो. जो डॉक्टर आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत आहे, त्यालाच तज्ज्ञ करायचे. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर २०२२ मध्ये महाराष्ट्राने अशा डॉक्टरांसाठी २० टक्के जागा ठेवल्या. या डॉक्टराला पाडा माहीत असतो, आशाताईंची नावे माहीत असतात, पावसात कोणता ओहोळ भरतो हे माहीत असते. तो परत जातो तेव्हा अनोळखी जागी जात नाही.

पाचवा उपाय जिल्हा निवासी योजनेचा. २०२१ पासून प्रवेश घेतलेल्या प्रत्येक एम.डी., एम.एस. विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करायचे असते. तीन महिने थोडे आहेत, परंतु शिक्षणाच्या काळातच जिल्ह्याशी ओळख होते. मात्र त्या काळात तिथे शिकवणारा ज्येष्ठ हवा आणि राहायला खोली हवी. एरवी ती नुसती हजेरी ठरते.

जपानचा धडा आणि सेवाग्रामचा

जपानमध्ये १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ निघाले. त्या देशात ४७ प्रांत आहेत आणि या विद्यापीठाचा आधार या सर्व प्रांतांचा आहे. प्रत्येक प्रांत दरवर्षी आपले दोन-तीन विद्यार्थी निवडून पाठवतो. सहा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च कर्जाच्या रूपाने दिला जातो. विद्यार्थ्याने शिक्षणाच्या दीडपट, म्हणजे नऊ वर्षे, आपल्याच प्रांतात नेमून दिलेल्या ठिकाणी सेवा केली की ते कर्ज माफ होते. या नऊ वर्षांत काही काळ मोठ्या रुग्णालयात पुढील शिक्षण आणि काही काळ डोंगरात किंवा बेटावर काम असते. बहुतेक सर्वजण ही मुदत पुरी करतात. यातले मर्म पाहा. पैसे देणारा प्रांत, विद्यार्थी त्याच प्रांताचा आणि सेवाही त्याच प्रांतात.

आपल्याकडेही असा विचार नवा नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी वैद्यकीय संस्था उभी केली. तिथल्या पदवीधराला तिथेच पुढे शिकायचे असेल तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा करण्याची अट दीर्घकाळ होती. मेळघाटात बैरागडला काम करणारे डॉ. रवींद्र कोल्हे मध्येच एम.डी. करायला गेले आणि शिकून पुन्हा बैरागडलाच परतले. त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. हेमलकशाच्या डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकलेल्या आहेत. १९७३ मध्ये जंगलात सुरू झालेल्या त्या प्रकल्पात शस्त्रक्रिया होऊ शकल्या, त्यात या गोष्टीचा वाटा केवढा मोठा असेल!

परंतु अशा थोरांची नावे घेऊन आपण सुटका करून घेऊ नये. एखाद-दुसऱ्या कुटुंबाच्या त्यागावर तालुक्यांची आरोग्यसेवा चालत नाही. साधारण मनाचा, संसारी, पगारावर जगणारा डॉक्टर तिथे टिकेल अशी व्यवस्था हवी.

पैसा कुठे लावावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ग्रामीण भागात डॉक्टर टिकवण्याविषयी शिफारशी केल्या. ग्रामीण भागातील मुलांना प्रवेशात प्राधान्य, शहराबाहेर शिक्षणसंस्था, शिक्षणातच ग्रामीण रुग्णालयांचा अनुभव आणि सेवेच्या अटीवर शिष्यवृत्ती या त्यांतल्या प्रमुख. त्या आणि आपला अनुभव यांची सांगड घालून मला पुढील गोष्टी सुचतात.

१. पदव्युत्तर जागांच्या निधीचा ठरावीक भाग जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतील शिक्षणासाठी बाजूला ठेवावा. तज्ज्ञाने जिथे काम करायचे, तिथेच त्याने शिकावे.

२. शिष्यवृत्ती तालुक्याच्या नावाने असावी. जव्हार किंवा धडगावचा मुलगा, मुलगी निवडावी, सर्व खर्च द्यावा आणि सेवा त्याच भागात घ्यावी. मुदत एक वर्षाची नको, निदान पाच वर्षांची हवी.

३. नेमणूक एकट्याची करू नये. प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हा संच एकत्र नेमावा. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असतील तर त्यांना एकाच ठिकाणी द्यावे.

४. शिकवणाऱ्याला पैसे द्यावेत. जिल्हा रुग्णालयातील ज्येष्ठ तज्ज्ञ रुग्ण तपासून वर विद्यार्थीही घडवणार असेल, तर त्या कामाचा वेगळा मोबदला हवा.

५. निवासस्थान, मुलांची शाळा आणि वेळेवर पगार. या गोष्टी लहान वाटतात, पण राजीनामा बहुधा त्यांच्यावरूनच येतो.

यावर कोणी म्हणेल, पाच वर्षे कोण बांधून घेईल? ज्याला शिकण्यासाठी घर गहाण टाकावे लागते, अशा घरातील हुशार मुलाला ही अट जाचक वाटणार नाही. त्याला ती संधी वाटेल. अट मात्र स्पष्ट असावी, नेमणूक वेळेवर मिळावी आणि मुदत संपताच त्याला सन्मानाने मोकळे करावे. बंधपत्र सरकारनेही पाळायचे असते.

आपण काय करावे?

धोरण ठरायला वेळ लागेल. तोवर वाचकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

सून किंवा लेक बाळंतपणासाठी गावी जाणार असेल तर जाण्यापूर्वी चौकशी करा: जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सिझेरियन होते का, भूलतज्ज्ञ रोज असतो की बोलावल्यावर येतो, रक्त कुठे मिळते. उत्तर समाधानकारक नसेल, आणि आधीचे सिझेरियन, रक्तदाब, जुळे किंवा रक्ताची फार कमतरता असेल, तर रीत बाजूला ठेवा आणि बाळंतपण सोय असेल तिथेच करा. माहेरपण नंतरही करता येते.

तपासणीची सर्व कागदपत्रे, रक्तगट आणि सोनोग्राफीचे अहवाल तिच्यासोबत द्या. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गरोदर माता आणि बालकांसाठी १०२ आहे. हे दोन्ही क्रमांक घरातील सर्वांना पाठ असू द्या. रक्तस्राव, झटके, असह्य डोकेदुखी, पाणी जाऊनही कळा न येणे किंवा मुलाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

ज्यांचे मूळ गाव अशा तालुक्यात आहे, त्यांनी सुट्टीत गेल्यावर तेथील रुग्ण कल्याण समितीला भेटावे. तज्ज्ञांची किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि शस्त्रक्रियागृह महिन्यातून किती दिवस चालते, हे तीन प्रश्न विचारावेत. माहितीच्या अधिकारातही ही माहिती मागता येते. निवडणुकीत उमेदवार नवी इमारत देण्याचे आश्वासन देईल तेव्हा विचारा, "आत बसणारा डॉक्टर कुठून आणणार, आणि त्याला शिकवण्याचे पैसे कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहेत?"

घरात वैद्यकीय शिक्षण घेणारे मूल असेल तर त्यालाही एक सांगा. शहरात एका रस्त्यावर दहा प्रसूतितज्ज्ञांच्या पाट्या असतात आणि अकरावा येऊन धडपडतो. तालुक्याच्या गावी पहिलीच पाटी त्याची असेल. काम भरपूर मिळेल, हात तयार होईल आणि रस्त्याने जाताना माणसे थांबून मुलाबाळांची खुशाली सांगतील. मी कित्येक वर्षे सामान्य व्यवसाय करतो आहे. या खुशालीची किंमत पैशात करता येत नाही, एवढे मात्र अनुभवाने सांगू शकतो.